विंडोजला धक्का न लावता शेजारी लिनक्स: डिस्कच्या वाटणीची सगळी पद्धत

सोलापुरात आमचं लग्नपत्रिकांचं आणि डीटीपीचं छोटं दुकान आहे. एकाच पत्रिकेत मराठी, कन्नड आणि तेलुगू मजकूर हवा, ही मागणी इथं रोजची. त्यासाठी लागणारं जुन्या फाँटांचं सॉफ्टवेअर विंडोजवरच चालतं आणि डोंगल (परवान्याची छोटी किल्ली) खोचल्याशिवाय उघडतही नाही. त्यामुळे विंडोज सोडायचा प्रश्नच नव्हता. पण १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला, आणि दुकानातल्या लॅपटॉपचा प्रोसेसर इंटेलच्या सातव्या पिढीचा. मोजके अपवाद सोडले तर विंडोज ११ ला अधिकृतपणे किमान आठवी पिढी लागते. शेवटी ठरवलं, पत्रिका विंडोजमध्ये आणि बँक, मेल, इंटरनेट लिनक्समध्ये, म्हणजे विंडोजसारख्याच दुसऱ्या, मोफत ऑपरेटिंग सिस्टिममध्ये. त्याच सुमारास इंजिनिअरिंगला असलेला भाचाही त्याचा लॅपटॉप घेऊन आला, त्यालाही दोन्ही हवं होतं. दोन मशीन लागोपाठ केली. तेव्हा जे वहीत लिहून ठेवलं, ते इथं मांडतोय.

एक नियम आधी सांगतो, कारण पुढची प्रत्येक पायरी त्याच्यातूनच निघते. विंडोजची जागा विंडोजनंच कमी करून द्यायची, आणि लिनक्सनं फक्त त्या मोकळ्या झालेल्या जागेत बसायचं. एकानं दुसऱ्याच्या हद्दीत हात घालायचा नाही. शेताची वाटणी करताना आपण आधी बांध घालतो, मग पेरतो. इथंही तसंच.

हे करायचं की नाही, ते आधी ठरवा

लॅपटॉपमध्ये दुसरी एसएसडी (नव्या पद्धतीची वेगवान डिस्क) बसवायला जागा असेल, तर ती घ्या आणि लिनक्स तिच्यावर टाका. इन्स्टॉल करताना विंडोजची डिस्क काढून ठेवता आली तर चूक होण्याची सोयच उरत नाही. नुसतं लिनक्स शिकायचं असेल आणि रॅम १६ जीबी असेल, तर व्हर्च्युअल मशीन, म्हणजे विंडोजच्याच आत चालणारा नकली संगणक, पुरे. ८ जीबी रॅम, एकच डिस्क आणि दोन्हीकडे रोजचं काम, अशी अवस्था असेल तरच एका डिस्कची वाटणी करावी. आमची दोन्ही मशीन त्यातली.

बॅकअप, आणि तो उघडून पाहणं

काही वर्षांपूर्वी दुकानाच्या डेस्कटॉपवर मी हेच काम घाईत करायला गेलो. विंडोजमध्ये ज्याला आपण डी ड्राइव्ह म्हणतो, त्याला लिनक्सच्या साधनात डी म्हणत नाहीत. तिथं एसडीए१, एसडीए५ अशी नावं दिसतात. जीपार्टेड या डिस्क वाटणाऱ्या साधनात मी एसडीए५ रिकामं समजून डिलीट केलं आणि अप्लाय दाबलं. तेच डी होतं. तीन सीझनच्या पत्रिकांच्या डिझाइन त्यात होत्या. नशीब एवढंच की त्या जागी नवं काही बनवलं नव्हतं. पार्टिशन, म्हणजे डिस्कचा वाटून काढलेला भाग, डिलीट केलं म्हणजे फक्त नोंदवहीतली ओळ खोडली जाते, माल जागेवरच असतो. टेस्टडिस्क नावाच्या मोफत प्रोग्रॅमनं ती हद्द शोधून परत लिहून दिली. त्यात पूर्ण रात्र गेली.

आज एसएसडीवर हे नशीब गृहीत धरू नका. लिनक्स आपल्या ईएक्सटी४ या साठवणीच्या पद्धतीनं जागा फॉरमॅट करताना एसएसडीला ‘ही सगळी जागा रिकामी समज’ असा निरोप देतो. त्यानंतर टेस्टडिस्कलाही बहुधा काही सापडत नाही.

म्हणून बाहेरच्या हार्ड डिस्कवर सगळी कॉपी घ्या. नंतर ती डिस्क दुसऱ्या मशीनला लावून चार-पाच फायली खरोखर उघडून पाहा. मग ती काढून कपाटात ठेवा. लावून ठेवली तर इन्स्टॉलरच्या यादीत तीही दिसते आणि दोन डिस्कांच्या नावांत घोटाळा होतो. शिवाय मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलनं एक विंडोजचा पेनड्राइव्हही करून ठेवा. विंडोज सुरूच झालं नाही, तर दुरुस्ती तिथूनच करावी लागते.

नकाशा कागदावर

स्टार्ट बटणावर उजवी क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा. खाली डिस्कची आडवी पट्टी दिसते. तिचा मोबाइलवर फोटो काढा आणि आकडे कागदावरही उतरवून घ्या. ५१२ जीबीची डिस्क विंडोजमध्ये ४७६.९४ जीबी दिसते. दुकानदारानं फसवलेलं नसतं, कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या. हा फरक पुढे पुन्हा भेटणार आहे.

बहुतेक लॅपटॉपवर डावीकडून हे दिसेल: एक छोटं ईएफआय सिस्टिम पार्टिशन (सिस्टिम सुरू करणाऱ्या फायलींचं), १०० एमबीच्या आसपास, काही कंपन्यांचं थोडं मोठं. मग मोठं सी. मग शेवटी रिकव्हरी. मधे १६ एमबीचं आणखी एक राखीव पार्टिशन असतं, ते डिस्क मॅनेजमेंट दाखवत नाही. पण लिनक्सचा इन्स्टॉलर दाखवतो, तेव्हा हे अनोळखी कोण आलं म्हणून ते उडवू नका.

आता दोन गोष्टी तपासा. स्टार्टमध्ये सिस्टिम इन्फर्मेशन शोधा, त्यात बायोस (मशीन सुरू होताना सगळ्यात आधी चालणारा प्रोग्रॅम) मोडपुढे नवी यूईएफआय पद्धत लिहिलीय की जुनी लेगसी, ते पाहा. मग डिस्क मॅनेजमेंटमध्ये ‘डिस्क ०’ या चौकोनावर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, व्हॉल्यूम्स. तिथं पार्टिशन स्टाइल, म्हणजे वाटणीची नोंद ठेवायची पद्धत, नवी जीपीटी की जुनी एमबीआर, ते कळतं. यूईएफआय आणि जीपीटी अशी जोडी असेल तर पुढचं सगळं जसंच्या तसं लागू पडतं.

एमबीआर असेल तर थांबा. त्यात प्रायमरी पार्टिशनं चारच होतात. चार भरलेली असताना विंडोजमध्ये पाचवं बनवायला गेलात, तर ते डिस्क ‘डायनॅमिक’ करू का असं विचारतं. नाही म्हणा. डायनॅमिक डिस्कवर लिनक्स बसवणं ही डोकेदुखी आहे आणि डेटा न घालवता परत फिरायला विंडोज स्वतः रस्ता देत नाही. एमबीआरचं मशीन पहिल्यांदाच करत असाल तर जाणत्या माणसाला शेजारी बसवा.

कुलूप आणि अर्धवट झोप

नव्या लॅपटॉपवर डिव्हाइस एन्क्रिप्शन किंवा बिटलॉकर, म्हणजे डिस्कला लावलेलं कुलूप, मालकाला पत्ता नसतानाही चालू असतं. विंडोज ११ च्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, विंडोज १० मध्ये अपडेट अँड सिक्युरिटी, तिथं डिव्हाइस एन्क्रिप्शन पाहा. चालू असेल तर मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन ४८ अंकी रिकव्हरी की काढा आणि कागदावर लिहा. ती त्याच लॅपटॉपमध्ये सेव्ह करणं म्हणजे तिजोरीची किल्ली तिजोरीतच ठेवणं. बायोसमध्ये काही बदललं की विंडोज ही की मागू शकतं, आणि की नसेल तर डेटा गेला. मी दोन्ही मशीनवर एन्क्रिप्शन बंदच करून घेतलं. डिस्क उलगडायला वेळ लागतो, चार्जर लावून ठेवायचा आणि पूर्ण होईपर्यंत पुढे सरकायचं नाही. लॅपटॉप बाहेर नेत असाल आणि त्यात महत्त्वाची कागदपत्रं असतील, तर कायमचं बंद करण्याआधी विचार करा. काम आटोपल्यावर ते परत चालू करता येतं.

दुसरी गोष्ट फास्ट स्टार्टअप. विंडोजमध्ये शटडाउन केलं तरी ते पुरतं बंद होत नाही, स्वतःची अवस्था डिस्कवर लिहून एक डोळा उघडा ठेवून झोपतं. अशा वेळी लिनक्समधून सीमध्ये काही लिहिलं आणि विंडोज जागं झालं, तर दोघांच्या नोंदी जुळत नाहीत आणि फायली खराब होतात. कंट्रोल पॅनल, पॉवर ऑप्शन्स, ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’, आणि तिथली ‘टर्न ऑन फास्ट स्टार्टअप’वरची खूण काढा. ती खोडता येत नसेल तर वरच्या ‘चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल’ या ओळीवर आधी क्लिक करा. मोठ्या अपडेटनंतर ही खूण कधी कधी आपोआप परत येते, अधूनमधून बघत जा.

जागा काढणं

आधी सीच्या प्रॉपर्टीजमध्ये टूल्स, तिथून एरर चेकिंग चालवा. डिस्कमध्ये आधीचे दोष असताना वाटणी करायची नाही.

मग डिस्क मॅनेजमेंटमध्ये सीवर उजवी क्लिक, श्रिंक व्हॉल्यूम. किती जागा काढायची ते एमबीत विचारतं. ८० जीबी हवी असेल तर ८० गुणिले १०२४, म्हणजे ८१,९२० लिहा. लिनक्सला ४० जीबीतही भागतं, पण वर्षभरात चणचण जाणवते. सीमध्येही निदान ३०-४० जीबी मोकळी राहिली पाहिजे, नाहीतर विंडोजची अपडेट अडकतात.

इथं एक गंमत हमखास होते. सीमध्ये २०० जीबी मोकळी दिसते आणि श्रिंक म्हणतं, फक्त १२ जीबी मिळेल. भाचा म्हणाला, “मामा, उरलेली जागा गेली कुठं?” गेली नाही. रस्त्याच्या मधोमध कुणीतरी ट्रक लावून ठेवलाय. हायबरनेशनची (झोपताना अवस्था लिहायची) फाइल, पेजफाइल (रॅम कमी पडली की वापरायची जागा), सिस्टिम रिस्टोअरच्या प्रती या फायली विंडोज चालू असताना हलवत नाही, आणि त्यातली एखादी ड्राइव्हच्या टोकाजवळ बसलेली असेल तर तिच्या अलीकडे बांध सरकत नाही.

उपाय असा. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून पॉवरसीएफजीच्या आज्ञेनं हायबरनेट बंद करायचं, म्हणजे ती फाइलच नाहीशी होते. सिस्टिमच्या ॲडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये व्हर्च्युअल मेमरीला ‘नो पेजिंग फाइल’ करायचं. सिस्टिम प्रोटेक्शन बंद करायचं, त्यात जुने रिस्टोअर पॉइंट जातात, हे माहीत असू द्या. मग रीस्टार्ट करून पुन्हा श्रिंक. आमच्या मशीनवर १२ चे लगेच ९० च्या पुढे गेले. काम झालं की पेजफाइल आणि प्रोटेक्शन आठवणीनं परत चालू करा, पेजफाइलशिवाय विंडोज ऐन कामात बंद पडू शकतं.

श्रिंक झाल्यावर सीच्या उजवीकडे काळ्या पट्टीची ‘अनअलोकेटेड’ जागा दिसेल. तिला हात लावू नका. न्यू सिंपल व्हॉल्यूम नाही, फॉरमॅट नाही, नाव देणं नाही. विंडोज दोनदा रीस्टार्ट करून नीट चालतंय ना, एवढंच पाहा. एवढं झालं की त्या दिवशी थांबलात तरी चालेल. मी थांबलो होतो.

आणि हो, वीज. डिस्कच्या हद्दी सरकत असताना लाइट गेली तर काय होईल, याचा विचारही नको. लॅपटॉपची बॅटरी भरलेली हवी आणि चार्जरही लावलेला हवा. डेस्कटॉप असेल तर यूपीएसशिवाय सुरुवातच करू नका. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा ४२-४३ वर असताना दुपारी दोनला हे काम काढणं हा स्वतःवर सूड आहे. सकाळी लवकर बसा.

पेनड्राइव्ह आणि चाचणी

आम्ही लिनक्स मिंट २२ घेतलं, तो लिनक्सचा एक प्रकार. ते उबुंटू या दुसऱ्या प्रकाराच्या २४.०४ वर आधारलेलं आहे, २०२९ पर्यंत त्याला अपडेट मिळणार आहेत, आणि त्याची मांडणी विंडोजसारखी असल्यानं दुकानातल्या पोरांना शिकवावं लागलं नाही. अधिकृत साइटवरून आयएसओ फाइल, म्हणजे इन्स्टॉल करायची अख्खी प्रत, उतरवा, तिथंच दिलेल्या चेकसमशी (फाइल शाबूत असल्याच्या खुणेशी) ती जुळवून पाहा. रुफस नावाच्या प्रोग्रॅमनं ती ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवा, पार्टिशन स्कीम जीपीटी ठेवा. पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं.

मशीन सुरू होताना एफ१२, एफ९ किंवा एस्केप दाबून बूट मेनूत जा, कंपनीगणिक कळ वेगळी. सिक्युअर बूट, म्हणजे अनोळखी सिस्टिम सुरू होऊ न देणारी राखण, बंद करायची गरज सहसा पडत नाही. पेनड्राइव्हवरून मिंट इन्स्टॉल न करताच चालतं. अर्धा तास तसंच वापरा. वाय-फाय, आवाज, टचपॅड, प्रिंटर. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी इनस्क्रिप्टही जोडून पाहा. इथं काही चाललं नाही तर आतापर्यंत तुमचं काहीच बिघडलेलं नाही.

याच वेळी डिस्क्स हा प्रोग्रॅम उघडून तुमच्या कागदाशी ताडून बघा. एनव्हीएमई प्रकारच्या एसएसडीचं नाव इथं एनव्हीएमई०एन१ असतं आणि पार्टिशनांना पी१, पी२ असे शेपूट. कागदावर प्रत्येक नावापुढे विंडोजमधलं नाव लिहा. माझं डी वाचलं असतं ते या दोन मिनिटांत.

डिस्क दिसतच नसेल, तर बहुधा बायोसमध्ये स्टोरेज इंटेलच्या आरएसटी किंवा रेड मोडवर आहे. ते एकदम एएचसीआय या साध्या पद्धतीवर नेलंत तर विंडोज निळा पडदा दाखवून अडून बसेल. आधी विंडोजमध्ये सिस्टिम कॉन्फिगरेशन, बूट टॅबमध्ये सेफ बूटची खूण करा, रीस्टार्ट करून बायोसमध्ये एएचसीआय निवडा, विंडोज एकदा सेफ मोडमध्ये येऊ द्या, मग खूण काढून पुन्हा रीस्टार्ट. सेफ मोडमध्ये पिन चालला नाही तर खात्याचा पासवर्ड लागतो, तो पाठ हवा.

इन्स्टॉलरचा तो पडदा

भाषा, वाय-फाय वगैरे सोपं. मग तीन पर्याय येतात. विंडोजच्या शेजारी बसव, डिस्क पुसून बसव, आणि ‘समथिंग एल्स’. भाच्याचा बाण दुसऱ्यावर होता. “मामा, इरेज डिस्क म्हणजे रिकामी जागा पुसायची ना?” नाही रे बाबा. अख्खी डिस्क, विंडोजसकट.

पहिला पर्याय चुकीचा नाही, पण तो नेमकं काय करणार हे नीट दाखवत नाही. मी तिसराच घेतो. पार्टिशनांची यादी उघडते, आणि तिच्यात ‘फ्री स्पेस’ ही ओळ. तिचा आकडा ८१,९२० नसून ८५,८९९ च्या आसपास दिसेल. घाबरू नका, मघाशी म्हटलं तो मोजण्यातला फरक. इन्स्टॉलर हजारानं मोजतो.

त्या ओळीवर जाऊन अधिकचं चिन्ह दाबा. आकार आहे तो पूर्ण ठेवा, ‘यूज ॲज’मध्ये ईएक्सटी४, माउंट पॉइंटमध्ये (ही जागा कुठं जोडायची ते) नुसती तिरकी रेघ: /. झालं. होमचं (आपल्या फायलींच्या फोल्डरचं) वेगळं पार्टिशन करा असा सल्ला तुम्हाला खूप ठिकाणी मिळेल. १०० जीबीच्या आत मला तो पटत नाही, एकीकडे जागा पडून राहते आणि दुसरीकडे गुदमरायला होतं. स्वॅपचं (लिनक्सच्या पेजफाइलचं) पार्टिशनही नको, मिंट स्वतः स्वॅप फाइल बनवतं.

ईएफआयची ओळ शोधा, तिच्यापुढे विंडोज बूट मॅनेजर लिहिलेलं असेल. तिच्या फॉरमॅटच्या चौकोनात खूण नसावी. दोन्ही सिस्टिम आपापल्या फोल्डरमध्ये तिथं गुण्यागोविंदानं राहतात, १०० एमबी मिंटला पुरतात. ही ओळ फॉरमॅट झाली की विंडोजची सुरुवातच पुसली गेली. एनटीएफएस (विंडोजची साठवणीची पद्धत) लिहिलेल्या ओळींपुढेही फॉरमॅटची खूण नसावी. खाली बूटलोडरच्या (सिस्टिम सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमच्या) जागेत मूळ डिस्कचं नाव, शेपटाविना.

इन्स्टॉल नाऊ दाबल्यावर शेवटची यादी येते, काय काय बदलणार त्याची. ती मोठ्यानं वाचा. एकच नवं पार्टिशन, ईएक्सटी४. दुसरं काहीही दिसलं तर गो बॅक. इथपर्यंत डिस्कवर एक अक्षरही लिहिलेलं नसतं.

टाइमझोनसाठी कोलकाता निवडा. पंधरा-वीस मिनिटांत काम होतं.

पहिले काही दिवस

सुरू करताना आता निवडीचा मेनू येईल. तो न येता थेट विंडोज उघडलं, तर बायोसच्या बूट क्रमात विंडोज बूट मॅनेजर वर आहे, उबुंटू नावाची नोंद वर घ्या. मिंट असूनही नाव उबुंटूच दिसतं.

विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे पडेल. सकाळी साडेदहाला दुकान उघडलं तर विंडोज म्हणत होतं, पहाटेचे पाच. लिनक्स मशीनच्या घड्याळात ग्रिनिचची वेळ लिहितो आणि विंडोज तीच स्थानिक समजतं. मिंटच्या टर्मिनलमध्ये टाइमडेटसीटीएल या आज्ञेला सेट-लोकल-आरटीसी १ जोडून द्या, अर्थात रोमन अक्षरांत. प्रश्न मिटतो.

विंडोजमध्ये कधी ‘ही डिस्क वापरण्यासाठी फॉरमॅट करा’ अशी खिडकी आली तर कॅन्सल. त्याला ईएक्सटी४ वाचता येत नाही, म्हणून ते जागा कोरी समजतं. घरात आणखी कुणी मशीन वापरत असेल तर त्यांनाही हे सांगून ठेवा.

विंडोजच्या अपडेटनं लिनक्स अडल्याचं उदाहरणही आहे. ऑगस्ट २०२४ च्या अपडेटनंतर सिक्युअर बूट चालू असलेल्या काही मशीनवर लिनक्स सुरू होईना. डेटा शाबूत होता, फक्त दार बंद झालं होतं. म्हणून तो मिंटचा पेनड्राइव्ह पुसू नका.

पुढे लिनक्स नको झालं, तर आधी बायोसमध्ये विंडोज बूट मॅनेजर वर आणा आणि विंडोज थेट सुरू होतंय याची खात्री करा. मगच डिस्क मॅनेजमेंटमधून ते ईएक्सटी४ पार्टिशन डिलीट करा, आकडा कागदाशी जुळवून. ती जागा सीच्या लगेच उजवीकडे आहे, त्यामुळे एक्स्टेंड व्हॉल्यूमनं ती सीला परत जोडता येते. मधे रिकव्हरी आलं असतं तर हा पर्याय राखाडीच राहिला असता.